पिशवीचा कागद

आम्ही दोघी जावा जावा. थोरली चार घरची धुणीभांडी करते, धाकटी अंगणवाडीत सेविका आहे. थोरलीने सांगायचे आणि धाकटीने लिहायचे असे ठरवून हा मजकूर तयार झाला, म्हणून ‘आम्ही’. दुखणे थोरलीचे होते. पण रात्री जागल्या दोघी, दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या दोघी. तेव्हा त्यातले कुणाचे किती, हे आता वेगळे काढता यायचे नाही.

२०२३ चा पावसाळा होता. थोरलीचे वय त्रेचाळीस. दीड-दोन महिने पाळी यायचीच नाही, आणि आली की बारा-पंधरा दिवस अंगावरून जायचे. गाठी पडायच्या. एके दिवशी कामाच्या घरी लादी पुसताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तिथेच भिंतीला टेकून बसली. त्या घरच्या बाईंनी साखरपाणी दिले, रिक्षात बसवून पाठवले. संध्याकाळी आम्ही नाक्यावरच्या खाजगी दवाखान्यात गेलो. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात निघाले. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारले, “मुले किती?” तीन, म्हटले. “मग आता पिशवी ठेवून काय करायची? अस्तर जाड झाले आहे. काढून टाका. नाहीतर उद्या कॅन्सर झाला तर मला बोलू नका.” खर्च ४५,००० रुपये. सोमवारी भरती व्हा.

गरीब माणसाला कॅन्सर हा शब्द ऐकवला की त्याचे डोके चालत नाही. आमचेही चालले नाही. रात्री जेवणे झाल्यावर घरात हिशेब सुरू झाला. बचत गटातून वीस हजार निघतील, थोरलीचे डोरले ठेवले तर आणखी पंधरा, बाकीचे थोरले भाऊजी पतपेढीतून उचलतील. दोघे भाऊ पेन घेऊन बसले होते. तेवढ्यात कोपऱ्यात अंथरुणावर पडलेल्या आत्याबाई उठून बसल्या. म्हणाल्या, “पिशवी काढायची तर आधी मला विचारा. मी काढलीय.”

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. मुंबईला येण्याआधी नवरा-बायकोचा कोयता घेऊन दरसाल ऊसतोडीला जायच्या. ज्यांनी ते काम पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पहाटे तीनला उठायचे, फडात जायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. उचल तर आधीच घेऊन खाल्लेली. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी. आत्याबाईंना पांढरे जायचे, ओटीपोट दुखायचे. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरने सांगितले, पिशवी सडली आहे, काढा. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. “सुटले म्हटलं, आता खाडा नाही पडायचा. पण कंबर गेली, ती गेलीच. बत्तिसाव्या वर्षी अंगातनं वाफा निघायला लागल्या. रात्री उठून अंगावर पाणी मारायची मी. सासूबाई म्हणायच्या, बाहेरचं लागलं हिला.”

हे त्यांनी इतक्या वर्षांत आम्हाला कधी सांगितले नव्हते. त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते.

पुढे २०१९ साली बीडची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली, ती वाचकांना आठवत असेल. सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेला आकडा असा, की जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींत एक. आम्ही तो आकडा तेव्हा वाचला होता आणि हळहळलोही होतो. त्यातलीच एक बाई त्यांच्याही आधीपासून आमच्याच घरात भाकऱ्या थापत होती, हे मात्र आम्हाला त्या रात्री कळले.

सोमवारी आम्ही भरती झालो नाही. महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सकाळी सातला केसपेपरची रांग, दहाला नंबर, आणि एकदा आम्हाला चुकीच्या खिडकीवर पाठवले ते वेगळेच. पण आत ज्या डॉक्टर मॅडम भेटल्या, त्या धाकटीपेक्षाही वयाने लहान असतील. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, “अस्तर जाड आहे एवढंच हा कागद सांगतो. का जाड आहे, ते सांगत नाही. आधी आतला तुकडा तपासू.” बारीक नळी आत घालून पाच मिनिटांत अस्तराचा तुकडा घेतला. दुखले, पण बाळंतपण काढलेल्या बाईला सोसवेल इतकेच. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. पेशींची वाढ जास्त आहे, पण बिघडलेल्या पेशी नाहीत. कॅन्सर नाही.

थोरली तिथेच बाकावर बसून रडली. मग डोळे पुसून तिने मॅडमना विचारले, “मग हे जाड झालं कशानं? माझं काय चुकलं?” दुसऱ्या कुणी म्हटले असते, ते तुम्हाला कळायचे नाही. मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढले. तो कागद आमच्याकडे अजून आहे. त्यांनी सांगितलेले, आणि धाकटीने नंतर पुस्तकांतून वाचून काढलेले, असे दोन्ही मिळून इथे लिहीत आहोत.

पिशवीच्या आतले अस्तर दोन थरांचे असते. खालचा थर कायमचा. वरचा थर दर महिन्याला नवा बनतो आणि पाळीत पडून जातो. गावच्या घरात खाली जमीन असते आणि वर सारवण, तसे. सारवण उखडते, पुन्हा घालावे लागते, जमीन तीच राहते. पाळी संपते तेव्हा हे अस्तर एक-दोन मिलीमीटर उरलेले असते, आणि पुढची पाळी येईपर्यंत दहा-बारा मिलीमीटरपर्यंत चढते. महिनाभरात इतके बांधायचे, पाडायचे आणि पुन्हा बांधायचे, तेही मागे व्रण न ठेवता. भाजी चिरताना बोट कापले तरी वण राहतो. बाईच्या पिशवीत हे आयुष्यात चारेकशे वेळा होते आणि वण राहत नाही.

हे काम करवून घेणारे मुकादम दोन. एक इस्ट्रोजेन, दुसरे प्रोजेस्टेरॉन. दोघेही अंडाशयातून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरतात. मग पिशवीलाच त्यांचे का ऐकू येते? तर पिशवीच्या पेशींत त्यांना बसायला खुर्ची आहे म्हणून. हे १९५८ च्या सुमारास शिकागोत एल्वूड जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने शोधले. त्याने इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी खूण लावून ते उंदरांना टोचले, आणि पाहिले तर इतर अवयवांतून ते निघून गेले, पिशवीत मात्र टिकून राहिले.

आता खुर्चीवर बसून हा मुकादम करतो काय? आपल्या प्रत्येक पेशीत एकच मोठा ग्रंथ असतो. डोळ्याच्या पेशीत तोच, पिशवीच्या पेशीत तोच. त्या ग्रंथातले एकेक पान म्हणजे एकेक जनुक. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटायचे, यावर पेशी काय काम करणार ते ठरते. इस्ट्रोजेन खुर्चीवर बसले की खुर्चीसकट त्या ग्रंथाला जाऊन चिकटते आणि वाढीची पाने उघडते. पेशींच्या दोन, दोनाच्या चार होतात, नळ्यांसारख्या ग्रंथी लांबतात, अस्तर चढू लागते. आणि यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. इस्ट्रोजेन जी पाने उघडते, त्यातच एक पान असते प्रोजेस्टेरॉनची खुर्ची बनवण्याचे. म्हणजे पहिला मुकादम काम करता करता दुसऱ्याची बसायची सोय करून ठेवतो.

महिन्याच्या मध्यावर अंडाशयातून बीज बाहेर पडते, आणि ज्या जागेतून ते पडले ती जागा प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. हा दुसरा मुकादम येतो आणि पहिले काय करतो, तर बांधकाम थांबवतो. इस्ट्रोजेनच्या खुर्च्या कमी करतो. इस्ट्रोजेनलाच दुबळे करून टाकणारा पदार्थ बनवायचे पान उघडतो. मग सांगतो, भिंती पुरे झाल्या, आता आत सामान लावा. ग्रंथींत पाझर सुरू होतो, साखर साठते, बारीक रक्तवाहिन्या मळसूत्रासारखे वेढे घेतात, मधल्या पेशी फुगून गुबगुबीत होतात. बाळ आले तर त्याला रुजायला जागा तयार. आणि आणखी एक काम तो करतो. पेशींमधले धागे कापणाऱ्या कात्र्या असतात, त्यांची पाने तो मिटून ठेवतो.

बाळ राहिले नाही तर बीज पडल्यापासून दोनेक आठवड्यांत ही जागा सुकते. प्रोजेस्टेरॉन उतरते. कुलूप गेले, कात्र्या मोकळ्या. रक्तवाहिन्या आवळतात, अस्तर तुटते आणि पाळी येते. मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० साली माकडिणीच्या अस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या काचेमागे लावून हे आवळणे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते. त्या माकडिणीचा विचार मनात येतोच. पण त्याआधी पाळी कशी येते हे कुणी चालू असताना पाहिले नव्हते. पाळी सुरू असतानाच एकीकडे खालच्या थरातून दुरुस्तीही चालू झालेली असते, आणि चार-पाच दिवसांत रक्त थांबते. निरोगी पाळीत रक्त जाते ते सगळे मिळून तीस-चाळीस मिलीलीटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ऐंशीच्या वर गेले तर ते जास्त धरतात. थोरलीचे किती जात होते, ते न मोजलेलेच बरे.

तर थोरलीचे काय झाले होते? चाळिशी उलटली की काही महिने बीज पडतच नाही. बीज नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. दुसरा मुकादम कामावर आलाच नाही, आणि पहिला एकटाच विटा चढवत बसला. थांब म्हणणारे कुणी नाही. अस्तर वाढत वाढत इतके जाड होते की त्याला नीट धरून ठेवणारा आधार राहत नाही. मग आज इथून, उद्या तिथून ढासळते. सगळे एकदम पडून मोकळे होत नाही, म्हणून पंधरा-पंधरा दिवस जाते. अंगात चरबी जास्त असेल तर ती चरबीही थोडे थोडे इस्ट्रोजेन बनवते, म्हणजे त्यात भर. असे वर्षानुवर्षे चालू राहिले तर काहीजणींच्या पेशी बिघडतात आणि कॅन्सर होतो, हेही खरे आहे. नाक्यावरचे डॉक्टर अगदीच खोटे बोलले नव्हते. पण मुकादम कामावर आला नाही, तर त्याला बोलावून आणता येते. घर पाडावे लागत नाही.

आधी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. मग मॅडमनी तांबीसारखीच दिसणारी, पण तांबे नसलेली एक वस्तू आत बसवली. ती रोज थोडे थोडे तेच औषध पिशवीतच सोडते आणि काही वर्षे चालते. पहिले तीन महिने डाग पडत राहिले. थोरली वैतागली, काढून टाका म्हणाली, धाकटीने समजूत घातली. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला, अस्तर साधे झाले होते. हिमोग्लोबिन अकरा. डोरले गळ्यातच आहे.

इथे एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरात बुद्धवंदना रोज होते. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. तरी पाळी असली की आम्ही दोघी मेणबत्ती लावायला पुढे जात नव्हतो, मुलींना पुढे करायचो. कुणी सांगितले नव्हते. आमच्या आयांनी तसे केले, आम्ही तसे केले. धम्म घेऊन दोन पिढ्या झाल्या तरी ते मागच्या दाराने घरात राहिलेच. ते चित्र घरी आणल्यावर थोरलीने एका रात्री विचारले, “हे अस्तर बाळासाठी घातलेलं असतं ना? बाळ राहिलं तर तेच पोसतं. मग ते खाली आलं की विटाळ कसा होतो?” धाकटीकडे उत्तर नव्हते. विटाळ हा शब्द तरी कुणाचा? ज्या शब्दाने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच हा शब्द. वीस मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच शब्दाच्या विरोधात. चोखोबांच्या सोयराबाईंनी तर कितीतरी शतके आधी देहाच्या विटाळावर अभंग रचून प्रश्न विचारला होता. आणि आम्ही तो शब्द न उच्चारता पाळत होतो. आता आम्ही मेणबत्ती लावतो. आत्याबाई पहिले काही दिवस तोंड फिरवून बसायच्या, आता बसत नाहीत.

आपल्या चळवळीत बायकांच्या शरीराबद्दल बोलायची लाज कधीपासून आली, कोण जाणे. बाबासाहेबांना ती नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि पैसे मिळावेत या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. १९३८ साली संतती नियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे आला, तेव्हा बाकी पुढारी कानावर हात ठेवत होते. आज विहारात महिला मंडळाची बैठक असली तरी पाळीचा विषय निघाला की पुरुष मंडळी चपला शोधू लागतात.

पण हा लेख पिशवी काढूच नका असे सांगतो, असे कुणी समजू नये. वन्संची गोष्ट ऐका. आमच्या नणंदबाई गावी असतात, वय अठ्ठावन्न. त्यांची पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. थोरलीला पाहायला आल्या तेव्हा बोलता बोलता हसून म्हणाल्या, “मला तर परत आली बाई पाळी. थोडंथोडंच दिसतं.” आठ महिने दिसत होते. गावातल्या बायकांनी थट्टा केली होती, म्हातारी तरणी झाली म्हणून. धाकटीने विचारले, घरात सांगितले का? तर नाही, पोरांना काय सांगायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. पाळी गेल्यावर अंडाशय थकलेले असते, अस्तर पातळ पडून राहते, चार मिलीमीटरच्या आत. वन्संचे अठरा होते. मॅडम म्हणाल्या, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक थेंब असला तरी तपासायचा, कारण अशा दहाजणींत साधारण एकीला कॅन्सर निघतो. वन्संना निघाला. पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता. त्यांची पिशवी, अंडाशयांसकट, काढली. तिथे काढणेच बरोबर होते, आणि लवकर काढली म्हणून आज त्या शेतात जातात. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात तेव्हा आमच्याकडे ज्वारी घेऊन येतात.

दोघींचे अस्तर जाडच होते. सोनोग्राफीच्या कागदावर दोघींच्या नावापुढे जवळजवळ एकच ओळ. फरक दिसला तो तुकडा तपासल्यावर. तेव्हा कुणी पिशवी काढायला सांगितले तर एवढे विचारा, की तुकडा तपासला का, त्याचा कागद कुठे आहे, गोळ्यांनी काही होईल का, अंडाशय ठेवणार की काढणार. विचारल्याने कुणी रागावले तर दुसरा दवाखाना आहे. विनाकारण पिशव्या काढू नयेत यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. विचारणे हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नाही.

वन्संचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आत्याबाई तो हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. “यात काय लिवलंय?” धाकटीने वाचून, मराठी करून सांगितले. कोणती पेशी, किती खोल, कुठवर. मग त्या म्हणाल्या, “माझ्या पिशवीचा असा कागद कुणी केला आसंल का?”

रात्री त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. मामंजींचा फोटो, जुनी रेशनकार्डे, दीक्षाभूमीवरून आणलेली एक माळ, कारखान्याच्या दोन पावत्या. तळाशी त्या दवाखान्याचे बिल सापडले. घडीवर फाटलेले, पण अक्षर लागत होते. ऑपरेशन, भूल, औषधे, खाट. तपासणी असे कुठेच नव्हते. आत्याबाईंनी धाकटीकडून ते दोनदा वाचून घेतले, घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवले.